पट्टेवाल्याच्या घरची मूठ

सर्व भाऊबंद, सोयरेधायरे, सुरतेच्या लिंबायत भागातल्या आमच्या गल्लीतले शेजारी आणि मांडवात केवळ जेवायला म्हणून शिरलेले अनोळखी सज्जन यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गेल्या श्रावणात, कानबाईच्या रोटाच्या परातीपाशी, एका घराण्याचा इंग्रज अमदानीपासूनचा इतिहास उलटा करण्यात आला. उलटा करणारा इसम मीच. तरी सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मनातल्या मनात उभं राहावं.

ही भाषा माझ्या धंद्यातली आहे. दिवसा मी पलसाण्याला कपडा रंगवण्याच्या कारखान्यात पाळी बघतो. संध्याकाळी आणि लग्नसराईत माइक धरतो. सुरतेतल्या खानदेशी लग्नांत कुणाला टोपी-टॉवेल द्यायचा, कुणाला स्टेजवर बोलवायचं, कुणाचं पाकीट हरवलं, नवरदेवाचा मामा कुठे लपलाय, हे सगळं माझ्या तोंडून गल्लीला कळतं. माणसाला मान कसा द्यायचा हे मला कळतं. कसा काढून घ्यायचा हे मी आमच्या जिभाऊकडून शिकलो.

जिभाऊ म्हणजे थोरला भाऊ. माझा सख्खा नव्हे, भाऊबंदकीतला. लिंबायतमध्ये त्याचं लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना, आहे, पांढरे बूट आहेत, आणि मागे दोन माणसं असल्याशिवाय तो साधी मिसळ खायलाही जात नाही. आमचं आणि त्याचं रक्त एकच. भांडण त्या रक्तातल्या दोन थेंबांचं.

गोष्ट अशी. खापरपणजोबांच्या पिढीत दोन भाऊ होते. त्यांतल्या एकाने गोऱ्या साहेबाच्या तंबूला आग लावली आणि तो सातपुड्याकडे पळाला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. दुसऱ्याने त्याच साहेबाकडे नोकरी धरली, कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा बांधला, आणि भाऊ कोणत्या वाटेने गेला ते साहेबाला सांगितलं. दोघांची पोरं पुढे एकाच चुलीवर वाढली. सगळी एकाच माणसाला बाप म्हणायची. त्यामुळे कोण कुणाचं हे पुढच्या पिढ्यांना नीट ठाऊक राहिलं नाही. अशा वेळी ज्याचा आवाज मोठा त्याचा आजोबा वीर, हा जगाचा नियम आहे. जिभाऊच्या घराचा आवाज मोठा होता. वीर त्यांच्याकडे गेला आणि पट्टेवाला आमच्या गळ्यात पडला.

लहानपणी मला याचं काही वाटत नसे. चिडवायला प्रत्येकाला काहीतरी असतंच, आम्हाला पट्टेवाला होता.

मग ती कानबाई आली.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. चौरंगावर नारळ, त्याला डोळे, नथ, दागिने, आणि तीच देवी. तिच्या नैवेद्याला रोट करतात. रोटाचे गहू वजनाने घेत नाहीत, मुठीने घेतात. घरात जितके पुरुष तितक्या सव्वा सव्वा मुठी. कालच जन्मलेला मुलगा असला तरी त्याची मूठ पडते. गिरणीवाल्याला आधी जातं धुवायला लावतात, मग दळण. आमच्या भाऊबंदकीत प्रत्येक घर आपापले गहू घरी मोजून आणतं, ते एकत्र दळले जातात आणि मांडवातल्या एकाच परातीत मळले जातात. त्या पिठात पहिला हात थोरल्या सुनेचा. बाईला आमच्यात मिळणारा हा एवढा एकच मान, पण तो गावच्या पाटीलकीपेक्षा मोठा.

त्या वर्षी जिभाऊची आई वारली होती. वयाने आता माझी माय थोरली. ती नवं लुगडं नेसून परातीपाशी बसली, बांगड्या मागे सारल्या आणि पिठात हात घातला. जिभाऊ तेव्हा ऐन तिशीत होता, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "काकू, हात काढा. पट्टेवाल्याच्या घरचा हात पहिला नको. देवीला चालणार नाही."

कुणी काही बोललं नाही. माझे वडील त्याच्याच खात्यात लूम चालवायचे, तेही बोलले नाहीत. मायने हात बाहेर काढला. मनगटापर्यंत पीठ लागलं होतं. ते तिने झटकलं नाही, पदराला पुसलंही नाही. देवीचं पीठ म्हणून परातीच्या कडेला एकेक बोट घासून ते परत टाकलं आणि चुलीकडे जाऊन गंगाफळाची भाजी ढवळायला लागली.

एकेक बोट. मी कॉलेजात होतो तेव्हा. आजही मांडवात पीठ दिसलं की मला ती बोटं दिसतात. त्या दिवसापासून माझं एकच काम राहिलं, बाकी संसार, नोकरी वगैरे फावल्या वेळात झालं. मायचा हात त्या परातीत पहिला पडला पाहिजे, आणि 'या काकू' हे जिभाऊनेच म्हटलं पाहिजे, सगळ्यांसमोर, माइकवर.

संधी जिभाऊनेच आणून दिली. त्याला नगरसेवकाच्या तिकिटाची स्वप्नं पडायला लागली आणि त्यासाठी त्याला पूर्वज हवासा झाला. चौकात मोठा फ्लेक्स लागला: पागोटं, झुपकेदार मिशा, हातात मशाल, मागे जळता तंबू. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून मी फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेलो. तो गुजराती पोरगा निर्मळ मनाने म्हणाला, "दादानो फोटो नथी, एम कह्युं. तो में शेठनो ज लगावी दीधो." म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बंडखोराला जिभाऊचेच गाल होते. गोऱ्या साहेबाचा तंबू पेटवणाऱ्या त्या माणसाने आमच्या गल्लीतली सगळी भजी खाल्ल्यासारखं दिसत होतं.

नंतर जिभाऊ घरी आला. चहाला नको म्हणाला, मग दोनदा प्याला.

"भाऊ, यंदा कानबाईला वीर आजोबांचा इतिहास सांगायचा. मांडवात पक्षातली मोठी माणसं येणार आहेत. तुझी जीभ चांगली आहे."

"सांगतो की."

"फक्त तुमच्या त्या आजोबाचं जरा हळू घे. नाव नको काढू. मांडवात तुझी आई पण बसलेली असणार ना, वाईट दिसतं."

"तुम्ही काळजी करू नका, जिभाऊ. एकेकाचं बरोबर घेतो."

तो गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही असे हसताय म्हणजे कुणाचं तरी वाटोळं होणार."

मी इतिहास संशोधनाला लागलो. आधी गावी गेलो. पारावर बसून विचारलं, तंबू कुणाच्या आजोबाने पेटवला? म्हाताऱ्यांनी एका सुरात सांगितलं, जिभाऊच्या. मला नवल वाटलं. मग वर पाहिलं तर देवळाला नवी कमान होती आणि कमानीवर जिभाऊचं नाव होतं. मी सगळ्यांना चहा आणि शेव सांगितली. शेव संपेपर्यंत एकाला आठवलं की पेटवणारा कदाचित आमचाही असू शकतो. दुसरी प्लेट आल्यावर तो साहेबाला दोन कानाखाली देऊन पळाला असंही निघालं. आणखी थोडा बसलो असतो तर देश त्यानेच स्वतंत्र केला असता. पण मला विकत घेतलेला पुरावा नको होता. तसला जिभाऊकडे होताच, आणि त्याचा कमानीएवढा मोठा होता.

तालुक्याच्या कचेरीत जुन्या कागदांची चौकशी केली. तिथल्या बाबूने कपाट उघडून दाखवलं. आत उंदराची पिल्लं होती, गुलाबी, सुखी. इंग्रजांचं राज्य त्यांनी पार पचवलं होतं.

शेवटी चलथाणला आत्याकडे गेलो. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, नव्वदीची, साखर कारखान्याच्या मागच्या वस्तीत राहते. दात नाहीत, कान तीक्ष्ण. सगळं आयुष्य ऊस तोडण्यात गेलं, आता उसाचा वास आला की नाकाला पदर लावते. मी तिला सगळं सांगितलं.  तिने भलतंच विचारलं.

"तुनी माय आजूनबी एक मूठ जास्ती टाकस का?"

"कसली मूठ?"

"रोटानी. मनी माय टाके. पुरुषासन्या मोजी लिन्यात का वरथून एक जास्ती. त्या दुसऱ्या घरमा नही टाकेत. आमनाच घरमा."

 मी विचारलं, "आत्या, ती मूठ कुणाची?"

"ते सासू सूनले सांगस, लेकले नही," ती म्हणाली. "मी लेक. लेक पराया घरनी. माले कोन सांगी?"

परतीच्या वाटेवर रिक्षात माझ्या डोक्यात माइक चालू झाला. विचार करा. रोटाच्या मुठी पुरुषांच्या. एक मूठ जास्त म्हणजे एक पुरुष जास्त, मोजायचा पण घरात नसलेला. जो गेला, पण मेल्याची खबर आली नाही. खबर नाही म्हणून दहावा नाही, तेरावा नाही. आणि ज्याचा तेरावा झाला नाही त्याची मूठ बंद कशी करणार? बायको त्याच्या वाटेकडे डोळे लावून दर कानबाईला त्याची मूठ टाकत राहिली. मग तिच्या सुनेने टाकली, मग तिच्या. माणूस विसरला गेला पण मूठ राहिली. आणि ती कुठल्या घरात? आमच्या. पळालेला आमचा होता. पट्टा बांधून घरी राहिलेला, रोज घरी जेवणारा, ज्याची मूठ वेगळी टाकायची गरजच पडली नाही, तो जिभाऊचा.

रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "चाचा, तबियत ठीक है?" मी म्हणालो, "इतनी ठीक कभी नहीं थी."

पण मी लग्नांचा माणूस, वर बघितल्याशिवाय अक्षता टाकत नाही. रोटाच्या आदल्या दिवशी माय गहू घेऊन बसली तेव्हा मी पेपर वाचायचं सोंग करून दारात बसलो. वडील वारल्यापासून आमच्या घरात पुरुष तीन: मी, धाकटा भाऊ आणि माझा मुलगा. मायने तीन वेळा सव्वा मूठ घेतली. मग इकडे तिकडे पाहिलं, पदर सावरला आणि चौथ्यांदा हात घातला.

"माय, ही कोणाची?"

तिचा हात थबकला. "सासूनी सांगेल शे टाकानी. तू पेपर वाच."

मी पेपर वाचला. पेपर उलटा होता.

दुसरा अर्धा पुरावा बायकोने आणला. सूप मागायच्या निमित्ताने ती जिभाऊकडे गेली आणि वहिनी गहू मोजत असताना तिथेच रेंगाळली. वहिनींनी मुठी मोजल्या, जेवढे पुरुष तेवढ्याच. "एक दाणा जास्त नाही," बायको म्हणाली. "उलट मूठ जरा सैलच. तुमची वहिनी म्हणते, या घरात जास्त टाकलेलं कुणाला आवडत नाही."

मायला मी काही सांगितलं नाही. तिला ते सगळ्यांसमोर, भोंग्यातून ऐकवायचं होतं. लग्नात नवरीला साडीचा रंग आधी दाखवला तर मजा जाते.

रविवारी मांडव भरला. देवीला मोगऱ्याची वेणी होती, मागच्या पडद्यावर जिभाऊच्या गालांचा वीर होता. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर ती मोठी माणसं, त्यांच्यामागे भाऊबंद, एका बाजूला परातीभोवती बाया. माय चुलीच्या टोकाला होती. इतकी वर्षं तिची जागा तीच. जिभाऊने हात जोडले, मला खूण केली. मी माइकवर दोनदा टिचकी मारली.

सुरुवात मी त्याला हवी तशीच केली. तंबू पेटवला. चांगला पेटवला, घोडे उधळवले, साहेबाला एका बुटावर पळवलं. जिभाऊ मान डोलवत होता, मोठी माणसं जिभाऊकडे पाहून मान डोलवत होती. मग मी आवाज खाली आणला. तो गेला, म्हणालो, पण मागे त्याची बायको होती. तिने काय केलं? बंड पुरुषाचं दिसतं, वाट बघणं दिसत नाही. तिने मूठ टाकली. वर्षाला एक.

मी सगळं सांगितलं. आत्याचं, मायचं, सासूने सुनेच्या कानात सोपवलेल्या मुठीचं. बायांनी डोळ्यांना पदर लावले. डीजेवाल्याने न सांगता मागे बासरी लावली, त्याला मी नंतर शाबासकी दिली. आणि मग हळूच विचारलं, "आता भाऊबंदांनीच सांगावं. कुणाच्या घरात ती मूठ पडते? आणि कुणाच्या घरात पडत नाही?"

 आमच्यातले सर्वांत वयस्क आबा काठीवर उठले. "हाई बरोबर शे," ते म्हणाले. "मनी मायबी म्हने, त्या घरमा मूठ जास्ती पडस. मंग पयी गयेल माणूस त्यासनाच."

पळालेला आमचाच ठरला. सगळ्या माना जिभाऊकडे वळल्या. नंतर पडद्याकडे, नंतर पुन्हा जिभाऊकडे. आता त्या दोन सारख्या चेहऱ्यांतला एक उपरा झाला होता. मागून कुणीतरी पुटपुटलं, "म्हणजे पट्टा यांचा." एक जण हसला. खुर्च्यांवरची मोठी माणसंही हसली, आणि ते हसणं जिभाऊला तिकिटापेक्षा महाग पडलं. मी माइक त्याच्या तोंडासमोर धरला. या क्षणासाठी मी किती लग्नांत किती माइक धरले असतील.

"जिभाऊ, परातीवर पहिला हात कुणाचा?"

त्याने ओठ चाटले. "काकूंचा."

"भोंग्यातून नीट ऐकू आलं नाही. मागे गल्लीत माणसं आहेत."

"काकूंचा," तो मोठ्याने म्हणाला. मग स्वतः चुलीपर्यंत गेला. पांढरे बूट काढून गेला, हे मुद्दाम नोंदवतो. "या काकू. तेव्हा बोललो ते चुकलं. देवीसमोर मागे घेतो."

चुलीपाशी तळणाच्या आवाजात मायला माझा इतिहास ऐकूच गेला नव्हता, तिला काही कळेना. हात पुसत उठली. वहिनींनी पाट सरकवला, बायांनी जागा केली. माय बसली, बांगड्या मागे सारल्या आणि पिठात हात घातला. मनगटापर्यंत. कुणी काही म्हणालं नाही. मी तिची बोटं मोजली, पाचही आत होती.

इथे मी थांबायला हवं होतं. गुणी कलाकार टाळीवर उतरतो. पण जिभाऊ खाली मान घालून उभा होता आणि त्याची मान मला अजून थोडी खाली हवी होती. वडिलांसाठी एक बोटभर, फ्लेक्ससाठी एक. मी वहिनींकडून गव्हाचं सूप मागितलं, ते मायसमोर ठेवलं आणि माइक तिच्या तोंडाशी नेला.

"माय," मी म्हणालो, "आता सगळ्यांसमोर त्या वीराची मूठ टाक. लपून टाकायचे दिवस संपले."

मायने माझ्याकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या तोंडावर पदर होता, खांदे हलत होते. काय चाललंय ते मायला आता कुठे उमगलं. पिठाचा हात तसाच परातीत ठेवून ती बोलली, आणि भोंग्यांनी ते पार चौकापर्यंत नेलं:

"येडा, त्या पयी गयेल बाबानी कसानी मूठ? ती आमनी बायासनी मूठ शे. तुम्ही पुरुष खाई उठतस, मंग आम्हले काय उरस?"